फेरफार झालेली इंजिने : जुन्या डिझेल इंजिनांवरील वेगळेपण ओळखण्याच्या अभ्यासाचा आढावा

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला असलेल्या झरी जामणी तालुक्यात मुकुटबन हे रेल्वे स्थानक आहे. माजरीहून निघालेला लोहमार्ग वणी आणि मुकुटबन करीत पिंपळखुटीला पोहोचतो आणि पुढे आदिलाबादमार्गे मुदखेडला मिळतो. पिंपळखुटीपर्यंत मध्य रेल्वेचा नागपूर विभाग, तिथून पुढे दक्षिण मध्य रेल्वेचा नांदेड विभाग. दोन रेल्वेंच्या हद्दीवरचा हा मार्ग, कोळसा आणि चुनखडीच्या मुलखातून जाणारा, अनेक वर्षे डिझेल इंजिनांच्या भरवशावर चालला. वणी परिसरातला कोळसा, दक्षिणेकडे जाणारी मालवाहतूक आणि नंदीग्राम एक्स्प्रेस ही सारी वाहतूक डिझेलनेच ओढली. मध्य रेल्वेने फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्या संपूर्ण ब्रॉडगेज जाळ्याचे विद्युतीकरण पूर्ण केले. तेव्हापासून या भागात जुने डिझेल इंजिन दिसणे ही रोजची गोष्ट राहिलेली नाही.

म्हणूनच एका प्रश्नाचा नीट आढावा घेण्याची हीच वेळ आहे. जुन्या डिझेल इंजिनांवर मूळ आराखड्यात नसलेले फेरफार कसे ओळखायचे, ते का झाले आणि त्यांतले कोणते खरोखर असाधारण मानायचे? रेल्वेची आवड असलेले लोक हे काम आजवर बहुतांशी छंद म्हणून करत आले. माझे म्हणणे असे, की हा छंद म्हणजे तंत्रज्ञानाच्या इतिहासाचे क्षेत्रकार्य आहे. इंजिनावरचा प्रत्येक बदल कुणीतरी, कुठल्यातरी अडचणीवर काढलेला तोडगा असतो. ती अडचण आणि तो तोडगा यांची नोंद झाली नाही, तर इंजिन भंगारात गेल्यावर दोन्ही कायमचे पुसले जातात.

मूळ रूप ठाऊक असल्याशिवाय फेरफार दिसत नाही

भारतीय डिझेल युगाचा पाया म्हणजे डब्ल्यूडीएम-२ हे इंजिन. नावातला ‘डब्ल्यू’ ब्रॉडगेजसाठी, ‘डी’ डिझेलसाठी, ‘एम’ प्रवासी व माल अशा दोन्ही कामांसाठी. अमेरिकेच्या आल्को कंपनीचा हा आराखडा. सोळा सिलिंडरचे इंजिन, २६०० अश्वशक्ती, वजन सुमारे ११२.८ टन, कमाल वेग ताशी १२० किलोमीटर. पहिली इंजिने १९६२ मध्ये आल्कोकडून तयार होऊन आली. त्याच सुमारास जनरल मोटर्सची डब्ल्यूडीएम-४ ही ७२ इंजिनेही आली होती. पण भारतात उत्पादन करण्यासाठी लागणारे तंत्रज्ञान आल्कोने दिले आणि वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्समध्ये त्यांची घडण सुरू झाली. ३ जानेवारी १९६४ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते तिथले पहिले इंजिन देशाला अर्पण झाले. पुढच्या साडेतीन दशकांत अशी अडीच हजारांहून अधिक इंजिने बनली.

याच मोठ्या संख्येमुळे आपल्याकडे हा अभ्यास शक्य होतो. एकाच साच्यातली हजारो इंजिने असली की त्यांतला लहानसा फरकही डोळ्यांत भरतो. निरीक्षकाने आधी मूळ साचा मनात पक्का करावा. एक कॅब म्हणजे चालकाची खोली, तिच्या एका बाजूला लांब नाक म्हणजे लाँग हूड, दुसऱ्या बाजूला तोकडे नाक म्हणजे शॉर्ट हूड. लाँग हूडमध्ये इंजिन, जनरेटर, रेडिएटर आणि त्याचा पंखा. शॉर्ट हूडमध्ये डायनॅमिक ब्रेकच्या रोधकांची जाळी. खाली आल्कोच्या ट्रायमाउंट बोगी, प्रत्येकीत तीन आस. यातली ओळखीची खूण अशी, की तीन आसांमधली अंतरे सारखी नाहीत. दोन आस जवळ आणि तिसरा थोडा दूर. एवढी रचना एकदा डोळ्यांत बसली की पुढचे वाचन सोपे होते.

इंजिनाचा क्रमांक हा दुसरा आधार. आल्कोची पहिली इंजिने १८०४० पासून क्रमांकित झाली. वाराणसीचे पहिले इंजिन १८२३३, नाव ‘कुंदन’. पुढे मालिका १८ हजारांतून १७ हजारांत आणि मग १६ हजारांत आली, म्हणजे वय कमी होत गेले तसे क्रमांकही उतरत गेले. त्यानंतरच्या डब्ल्यूडीएम-३डी इंजिनांना ११ हजारांची मालिका मिळाली. मालवाहू डब्ल्यूडीजी-३ए इंजिने १३ आणि १४ हजारांत आहेत. क्रमांकामागे ‘आर’ अक्षर असेल, तर ते इंजिन पटियालाच्या कारखान्यात पुन्हा बांधले गेले. कॅबवर रंगवलेले शेडचे, म्हणजे इंजिनाच्या देखभालीच्या ठिकाणाचे, नाव आणि शेवटच्या मोठ्या दुरुस्तीची तारीख या दोन नोंदीही वाचायच्या असतात. मध्य रेल्वेच्या अनेक डिझेल इंजिनांची मोठी दुरुस्ती मुंबईच्या परळ कार्यशाळेत होत असे.

फेरफाराचे चार उगम

या विषयावर आजवर जे लिहिले-बोलले गेले आहे त्यात एक गोंधळ सतत आढळतो. दिसायला विचित्र ते असाधारण, असे गृहीत धरले जाते. वास्तविक प्रत्येक बदलाचा उगम विचारावा लागतो. माझ्या मते चार उगम स्पष्ट वेगळे काढता येतात.

पहिला उगम देशव्यापी आदेशाचा. लखनौची आरडीएसओ ही संशोधन व आराखडा संस्था फेरफार पत्रके काढते आणि ते बदल सर्व शेडांतल्या सर्व इंजिनांना लागू होतात. असा बदल शेकडो इंजिनांवर दिसतो, म्हणून तो असाधारण ठरत नाही. पण इंजिनाचे वय आणि काळ ठरवायला तो सर्वात उपयोगी पडतो.

दुसरा उगम कारखान्याचा. मध्यम वयात इंजिन पुन्हा बांधताना त्याला नवी शक्ती, नवे नियंत्रण, नवी बोगी मिळते. पटियालाचा कारखाना १९८१ मध्ये याच कामासाठी उभारला गेला. परळची कार्यशाळा तर १८७९ पासून इंजिने हाताळत आली आहे.

तिसरा उगम शेडचा. शेडमधल्या फोरमन, फिटर आणि वेल्डर मंडळींनी स्थानिक गरजेपोटी केलेले काम. खिडक्यांवर दगडफेकीपासून संरक्षण म्हणून बसवलेल्या तारेच्या जाळ्या, हेडलाइटची हललेली जागा, कॅबच्या छतावरचा वातानुकूलन यंत्राचा डबा, गुरे आडवी आल्यास उपयोगी पडणारी बळकट केलेली पुढची पट्टी. विदर्भ-तेलंगणाच्या उन्हाळ्यात लोखंडी कॅबमध्ये बसून बारा तास काम केलेल्याला त्या छतावरच्या डब्याचे मोल सांगावे लागत नाही.

चौथा उगम अपघाताचा. धडक बसलेल्या इंजिनाची कॅब किंवा हूड नव्याने जोडताना हाताशी असलेले सुटे भाग वापरले जातात. मग एका वर्गाच्या अंगावर दुसऱ्या वर्गाचा दरवाजा, निराळ्या मापाची खिडकी असे मिश्रण तयार होते. वर्गवारीच्या पुस्तकात न बसणारी इंजिने बहुतेक इथूनच निघतात.

हे चार उगम वेगळे काढले की असाधारण शब्दाला नेमका अर्थ येतो. पहिल्या उगमाचा बदल सार्वत्रिक, दुसऱ्याचा मर्यादित, तिसऱ्याचा प्रादेशिक आणि चौथ्याचा एकेका इंजिनापुरता. जसजसे पुढे जावे तसतशी कागदोपत्री नोंद कमी होत जाते आणि निरीक्षकाची जबाबदारी वाढते.

ब्रेक : बफरखालच्या नळ्यांत लिहिलेला इतिहास

सर्वात महत्त्वाचा देशव्यापी बदल ब्रेकचा. डब्ल्यूडीएम-२ आले तेव्हा भारतीय गाड्या निर्वात म्हणजे व्हॅक्यूम ब्रेकवर चालत. पुढे जड मालगाड्या आणि वाढता वेग यांसाठी हवेच्या दाबावरचे ब्रेक येऊ लागले. पण सर्व वॅगन आणि डबे एका रात्रीत बदलणे शक्य नव्हते. मधल्या काळात इंजिनाला दोन्ही प्रकारच्या गाड्या ओढाव्या लागल्या. त्यासाठी जुन्या इंजिनांत दुहेरी यंत्रणा नंतर बसवली गेली आणि त्यांना डब्ल्यूडीएम-२ए म्हटले गेले. मुळातच हवेच्या ब्रेकसह बनलेल्यांना डब्ल्यूडीएम-२बी असे नाव मिळाले.

हा फरक ओळखण्यासाठी कॅबमध्ये जावे लागत नाही. बफरच्या आडव्या तुळईखाली पाहावे. जाड, घडीची निर्वात नळी आणि शेजारी हवेच्या बारीक नळ्या असतील, तर इंजिन दुहेरी ब्रेकचे. जाड नळी नसेल, पण तिला अडकवण्याची जागा किंवा कापलेला पाइप दिसत असेल, तर ते इंजिन एकेकाळी निर्वात गाड्या ओढत होते. माल आणि प्रवासी अशा दोन्ही गाड्या येणाऱ्या वणी-मुकुटबनसारख्या मार्गावर ब्रेकच्या बदलाचा हा काळ इंजिनांच्या पुढच्या तोंडावर वाचता येत असे.

शक्ती : तेच इंजिन, पण अधिक दम

दुसरा मोठा विषय अश्वशक्तीचा. आल्कोचे २५१ मालिकेचे सोळा सिलिंडरचे इंजिन २६०० अश्वशक्तीवर सुरू झाले आणि भारतीय अभियंत्यांनी ते टप्प्याटप्प्याने ३१०० आणि मग ३३०० पर्यंत नेले. ऑगस्ट १९९४ मध्ये ३१०० अश्वशक्तीचे डब्ल्यूडीएम-२सी आले. पुढे त्यालाच डब्ल्यूडीएम-३ए नाव दिले गेले. त्याच काळात मालगाड्यांसाठी डब्ल्यूडीजी-२, म्हणजे नंतरचे डब्ल्यूडीजी-३ए आले. २००३ मध्ये ३३०० अश्वशक्तीचे डब्ल्यूडीएम-३डी आले. जुनी इंजिने पुन्हा बांधून ३३०० अश्वशक्तीची केली तेव्हा त्यांना डब्ल्यूडीएम-३सी म्हटले.

सिलिंडर तितकेच असताना शक्ती वाढली कशी? इंधन पंपाचा प्लंजर १५ मिलिमीटरवरून १७ मिलिमीटरचा झाला. टर्बोचार्जर बदलले, मूळच्या आल्कोच्या जागी नेपिअर, एबीबी, हिस्पानो-सुइझा या कंपन्यांचे अधिक कार्यक्षम टर्बोचार्जर आले. सिलिंडरमध्ये जाणारी हवा थंड करणारा आफ्टरकूलर मोठा झाला. याचा परिणाम इंधनाच्या बचतीतही दिसला. डीसी जनरेटर जाऊन एसी अल्टरनेटर आणि रेक्टिफायर आले, नियंत्रण मायक्रोप्रोसेसरकडे गेले.

यातले बरेच बदल पत्र्याआड असतात, तरी काही बाहेरून कळतात. टर्बोचार्जरचा आवाज कानाला लगेच कळतो. वेगळ्या टर्बोची शीळ वेगळी आणि जाणकार चालक डोळे मिटून सांगतो. डायनॅमिक ब्रेकची जाळी शॉर्ट हूडमधून निघून कॅबमागे छतावर उंचवट्याच्या रूपात आली असेल, तर ती डब्ल्यूडीएम-३डीची खूण. बोगीतल्या आसांची अंतरे सारखी असतील, तर ट्रायमाउंट जाऊन जास्त पकड देणारी नवी बोगी आली. क्रमांक जुना आणि बोगी नवी अशी जोडी दिसली की थांबून छायाचित्र घ्यावे; तिथे कारखान्याची किंवा शेडची एक निराळी गोष्ट असते.

नाक कुठले पुढे? दृष्टीचा प्रश्न

एक कॅब असलेल्या इंजिनाची मोठी अडचण चालकाच्या नजरेची. लांब नाक पुढे ठेवून चालताना समोरचा रूळ, फाटक आणि सिग्नल यांचा बराच भाग झाकला जातो. गाडी टोकाच्या स्थानकावर पोहोचली की इंजिन वळवण्याची सोय दरवेळी नसते, म्हणून परतीला लांब नाक पुढे येणे अटळ. या अडचणीतून आल्को इंजिनांवरचा एक लक्षवेधी प्रयोग जन्माला आला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस वाराणसीने १७७०० च्या घरातली काही डब्ल्यूडीएम-२ इंजिने वेगळ्या रूपात बाहेर काढली. त्यांचे शॉर्ट हूड पूर्ण रुंदीचे, समोरच्या काचा मोठ्या. रेल्वेप्रेमी त्यांना ‘जम्बो’ म्हणतात. ही एकच छोटी तुकडी निघाली आणि पुढची इंजिने पुन्हा जुन्याच रूपात आली. काही जम्बोंचे रूप नंतरच्या दुरुस्त्यांत बदललेही गेले, त्यामुळे मूळ चेहऱ्याचे जम्बो दिसणे हा निरीक्षकाचा मोठा लाभ मानला जाई.

नजरेच्या प्रश्नाचे खरे उत्तर पुढे दोन कॅबच्या इंजिनांनी दिले. जनरल मोटर्सच्या तंत्रावर आधारित डब्ल्यूडीपी-४डी हे दोन्ही टोकांना कॅब असलेले इंजिन २०१० च्या सुमारास आले. म्हणजे जम्बोने मांडलेला प्रश्न सुटायला सुमारे तीन दशके गेली. फेरफारांच्या अभ्यासाचे एक मोठे फळ हेच आहे. अर्ध्यावर सोडलेला प्रयोगही पुढच्या यशाची वाट दाखवतो, आणि ती साखळी फक्त यशस्वी मॉडेलांची यादी वाचून कधीच कळत नाही.

बचत आणि पुनर्वापर

शेवटच्या काळात फेरफारांचा रोख इंधन बचतीकडे वळला. डिझेल इंजिन यार्डात उभे असतानाही बंद केले जात नसे, कारण ब्रेकसाठी हवा आणि बॅटरीसाठी वीज लागते. असे नुसते धडधडत उभे राहिलेले इंजिन तासाला वीस-पंचवीस लिटर डिझेल पिते. त्यावर तोडगा म्हणून छोटे सहायक डिझेल इंजिन म्हणजे एपीयू बसवले गेले; ते तेच काम तासाला सुमारे तीन लिटरमध्ये करते. बाहेरून पाहणाऱ्याला हुडावर एक जादा, बारीक धुराडे दिसते. तसेच छतावरची लहान अँटेना इंजिनाची माहिती दूरवरून शेडला कळवणाऱ्या यंत्रणेची असते. ३१ डिसेंबर २००२ रोजी अमृतसर-दिल्ली शताब्दीच्या इंजिनात पाच टक्के बायोडिझेल मिसळून चाचणीही झाली. मात्र असा बदल इंधनाच्या टाकीतला, त्याची बाहेर कुठलीही खूण उरत नाही.

याहून धाडसी प्रयोगही झाले. पटियालाने डब्ल्यूडीएम-२जी नावाची मोजकी इंजिने बनवली. त्यांत सोळा सिलिंडरच्या एका मोठ्या इंजिनाऐवजी कमिन्सची ८०० अश्वशक्तीची तीन छोटी इंजिने बसवली. भार कमी असेल तेव्हा एकच चालवायचे, जास्त असेल तेव्हा तिन्ही. वाराणसीने तर दोन डब्ल्यूडीजी-३ए डिझेल इंजिने घेऊन त्यांचे एकत्र १०,००० अश्वशक्तीचे जोड विद्युत इंजिन बनवले. डब्ल्यूएजीसी-३ नावाचे हे इंजिन संकल्पनेपासून ६९ दिवसांत उभे राहिले आणि १९ फेब्रुवारी २०१९ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते मार्गस्थ झाले. डिझेलचे विजेत रूपांतर होणे ही जुन्या इंजिनाच्या आयुष्यातली सर्वात मोठी उलथापालथ. त्याच्या अंगावर डिझेल काळातल्या ज्या खुणा शिल्लक असतील, त्यांची नोंद आजच व्हायला हवी.

महाराष्ट्रातले अरुंद रूळ

आपल्या राज्यापुरते पाहायचे तर अरुंद मार्गांवरची इंजिने फार महत्त्वाची. यवतमाळची शकुंतला रेल्वे हे घरचेच उदाहरण. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर हा ७६२ मिलिमीटरचा मार्ग. त्यावर १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेले झेडडी वर्गाचे वाफेचे इंजिन सात दशके धावले आणि एप्रिल १९९४ मध्ये डिझेलला जागा देऊन निवृत्त झाले. या बदलाची चर्चा झाली ती वाफेच्या निरोपाची. नंतर आलेल्या डिझेल इंजिनांकडे त्या मानाने कुणी पाहिले नाही, आणि ही उपेक्षा भरून काढण्यासारखी आहे. नागपूरच्या मोतीबागेत अरुंद मार्गाचे संग्रहालय २००२ पासून आहे. वऱ्हाड-विदर्भातल्या अरुंद मार्गांची डिझेल बाजू मांडायला त्याहून योग्य जागा दुसरी नाही.

नेरळ-माथेरान मार्ग ६१० मिलिमीटरचा आणि तीव्र वळणांचा. तिथे १९५० च्या दशकात जर्मनीच्या आर्नोल्ड युंग कंपनीची एनडीएम-१ इंजिने आली आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला वाफेची इंजिने थांबली. अलीकडच्या वर्षांत परळच्या कार्यशाळेने माथेरानच्या एका डिझेल इंजिनाला वाफेच्या इंजिनाचे रूप दिले. याचे स्वागत करतानाही निरीक्षकाने एक भेद राखावा. आतली यंत्रणा डिझेलची, बाहेरचा साज वाफेचा. हा पर्यटनासाठीचा फेरफार आहे आणि त्याची नोंदही तशीच व्हायला हवी. उद्याच्या अभ्यासकाला केवळ छायाचित्र मिळाले तर त्याची फसगत होऊ नये. परळनेच कालका-सिमला मार्गासाठी ७०० अश्वशक्तीची झेडडीएम-३ इंजिनेही घडवली. मुंबईत अरुंद मार्गाचे इंजिन बांधून हिमालयात पाठवणारी ही कार्यशाळा महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासात मानाच्या जागेची हक्कदार आहे.

मीटरगेजची कहाणीही आपल्या जवळची. मुदखेड-आदिलाबाद हा पट्टा पूर्वी मीटरगेज होता. अकोला-अकोट बाजूला मीटरगेज २०१७ पर्यंत टिकले. या रुळांवरचे वायडीएम-४ हे सहा सिलिंडरचे आल्को इंजिन. मार्ग रुंद होत गेले तशी ही इंजिने एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये फिरत राहिली आणि प्रत्येक ठिकाणी रंग, दिवे, कॅबची डागडुजी यांचे थर त्यांच्या अंगावर चढत गेले. अशा इंजिनाचा अभ्यास करताना त्याच्या मुक्कामांची यादी करणे ही पहिली पायरी.

जगातला अनुभव

इतर देशांत हा अभ्यास बराच पुढे गेला आहे. ब्रिटनमध्ये इयान ॲलन यांनी १९४२ मध्ये सदर्न रेल्वेच्या इंजिनांच्या क्रमांकांची पुस्तिका काढली आणि इंजिने टिपण्याचा छंद घराघरांत गेला. पुढे क्रमांक टिपण्यावरून लक्ष इंजिनांच्या अंगावरील फरकांकडे वळले. क्लास ३१ इंजिनांतली मिर्लीज यंत्रे काढून इंग्लिश इलेक्ट्रिकची यंत्रे बसवली गेली. क्लास ४७ च्या सांगाड्यात अमेरिकी इंजिन घालून ३३ क्लास ५७ इंजिने तयार झाली. या प्रत्येक टप्प्याची तपशीलवार माहिती आज उपलब्ध आहे, आणि ती मिळवण्यात हौशी निरीक्षकांचा मोठा वाटा आहे.

अमेरिकेत सांता फे रेल्वेने १९७० ते १९७८ या काळात टेक्सासमधल्या क्लेबर्न कार्यशाळेत २३३ जुनी एफ-७ इंजिने सोलून त्यांची हुडवाली सीएफ-७ बनवली. आधीच्या सीएफ-७ च्या कॅबचे छत मूळ इंजिनासारखे गोलाकार होते, नंतरच्यांचे कोनाकार. एका छताच्या आकारावरून तिथले अभ्यासक इंजिनाचा काळ सांगतात. आपल्याकडेही तुळईखालची नळी, कॅबमागचा उंचवटा, बोगीतले अंतर अशी साधने आहेतच. उणीव आहे ती त्यांची पद्धतशीर यादी एकत्र करण्याची.

पुरावा कसा गोळा करावा

चुका कुठे होतात हे आता स्पष्ट सांगता येते. रंग ही सर्वात फसवी खूण, कारण शेड बदलले की रंग बदलतो. एकाच बाजूचे छायाचित्र अपुरे, कारण इंजिनाच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात. बोगी आणि हूडचे दरवाजे दुरुस्तीत अदलाबदल होतात, म्हणून एका भागावरून संपूर्ण इंजिनाचा निष्कर्ष काढू नये. कारखान्याचा बदल शेडच्या नावावर खपवणे आणि अपघातातली दुरुस्ती प्रयोग समजणे, या दोन चुका सर्वात जास्त आढळतात.

नोंद करताना इंजिनाचा क्रमांक, शेडचे नाव, मोठ्या दुरुस्तीची तारीख, पाहिल्याची तारीख व ठिकाण एवढे आधी लिहावे. मग दोन्ही बाजू, दोन्ही टोके आणि बोगीचे जवळून घेतलेले चित्र. मगच वेगळेपणाचे वर्णन आणि त्याखाली स्वतंत्र परिच्छेदात कारणाचा अंदाज. दिसलेले आणि अनुमान केलेले या दोन गोष्टी एका वाक्यात मिसळू नयेत. तीच खूण दुसऱ्या इंजिनावर आढळली, तर ती कोणत्या शेडच्या किती इंजिनांवर आहे हे पडताळावे. त्यावरून बदलाचा उगम चारांपैकी कोणता, हे बहुतेक वेळा निश्चित होते.

हे सारे करताना नियम पाळणे आवश्यक आहे. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ नुसार परवानगीविना रुळांवर किंवा रेल्वेच्या हद्दीत जाणे गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. फलाट आणि सार्वजनिक रस्ता यांवरूनही पुष्कळ दिसते. शेडमध्ये जायचे तर अधिकाऱ्यांची परवानगी घेऊनच जावे. रुळांवर उभे राहून घेतलेल्या कुठल्याही चित्राची किंमत जिवापेक्षा जास्त नसते.

आता काय करावे

वेळ थोडा आहे. रेल्वेचा कल जुनी डिझेल इंजिने वेगाने सेवेतून काढण्याकडे आहे, शेडांनी विद्युत इंजिने सांभाळायला घेतली आहेत आणि वाराणसीच्या कारखान्याचे नावही २०२० मध्ये बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स झाले. काही इंजिने परदेशात गेली. जुलै २०२० मध्ये भारताने बांगलादेशला दहा डब्ल्यूडीएम-३डी इंजिने दिली. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात पहिले डब्ल्यूडीएम-२ जतन केले आहे, ही समाधानाची बाब. पण संग्रहालये पहिले इंजिन जपतात. बदललेले, जोडलेले, शेडच्या हातांनी निराळे झालेले इंजिन जपले जाण्याची शक्यता कमी, आणि इतिहासाची समृद्ध सामग्री नेमकी त्याच्यातच आहे.

म्हणून तीन कामे करायला हवीत. पहिले, परळ, पुणे आणि कल्याण इथल्या कार्यशाळा-शेडांतल्या फेरफारांच्या नोंदवह्या जपून त्यांची डिजिटल प्रत करावी. दुसरे, कुठलेही डिझेल इंजिन मोडीत काढण्याआधी त्याचे ठरावीक कोनांतून छायाचित्रण करावे. यासाठी एक कॅमेरा आणि एक सकाळ पुरे आहे. तिसरे आणि सर्वात तातडीचे, निवृत्त होणाऱ्या डिझेल चालक, फिटर आणि फोरमन यांच्या मुलाखती घ्याव्यात. एखादी जाळी कोणी, का आणि कधी जोडली हे कागदावर नाही, त्यांच्या स्मरणात आहे.

आणि हे काम मोठ्या शहरांनीच करावे असे नाही. वणी, मुकुटबन, पिंपळखुटी या पट्ट्यात रेल्वेत नोकरी केलेली, कोळसा-सिमेंटच्या साइडिंगवर काम केलेली माणसे आजही आहेत. तालुक्यातल्या महाविद्यालयाने एका वर्षाचा प्रकल्प म्हणून त्यांच्या आठवणी आणि घरातल्या छायाचित्रांची नोंद केली, तर दोन रेल्वेंच्या सीमेवरच्या या मार्गावर कोणत्या शेडची कोणती इंजिने कोणत्या काळात धावली याचा पहिला विश्वसनीय आराखडा तयार होईल. त्यासाठी लागणारी सामग्री याच गावांत आहे आणि ती देऊ शकणारी माणसे आज भेटतात. काम सुरू करायला एवढे पुरेसे आहे.